शेवटचे पंचवीस गुंठे

गेल्या महिन्यात आपल्यापैकी एकानं जुन्या वडगावचा फोटो टाकला होता. येळ्ळूर रोडच्या दोन्ही बाजूला भात आणि लांब धुरकट राजहंसगड. खाली बऱ्याच जणांनी लिहिलं, "किती सुंदर होतं आपलं गाव", "बिल्डरांनी गिळलं", "शेतकऱ्यांना पैशाची हाव सुटली". मी काही लिहिलं नाही, पण ते वाचून दोन रात्री नीट झोप लागली नाही. म्हणून आज सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वडगाव म्हणजे बेळगावच्या दक्षिणेला, शहापूरला लागून असलेलं आमचं गाव. आज बाहेरचा माणूस आला तर बेळगाव कुठं संपलं आणि वडगाव कुठं सुरू झालं हे त्याला कळणार नाही. माझ्या लहानपणी ते पायांना कळायचं, कारण गल्ली संपली की काळ्या मातीची गाडीवाट लागायची. गावात शेती करणारे आणि माग चालवणारे असे दोन संसार शेजारी शेजारी होते. मराठी आणि कानडी दोन्ही घरं एकमेकांच्या दारातनं ये-जा करायची. शेतकऱ्याच्या घरात बैलाच्या घुंगरांनी जाग यायची आणि विणकराच्या घरात मागाच्या खटखटीनं.

आमच्या शिवाराची माती काळी आणि खोल. मिरगाच्या आधी धूळवाफ पेरणी, मग कोळपणी, भांगलण. दिवाळीच्या आसपास सुगी. भात निघालं की त्याच ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा. पाटाचं पाणी नाही, विहिरीचा उपसा नाही, नुसत्या थंडीच्या दवावर आणि जमिनीतल्या ओलीवर दुसरं पीक यायचं. बेळगावचा बासमती कुकरमधून नाही, चुलीवरच्या भांड्यातून शिजायला लागला की तीन घरं सोडून वास कळायचा. आणि मसुरीची आमटी! तिच्यासाठी पुण्या-मुंबईला गेलेली आमची माणसं अजून पिशव्या भरून मसूर घेऊन जातात. ती मसूर आता कुठल्या शिवारातली असते हे मात्र विचारू नका.

आता माझी गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय मत मांडायचा मला हक्क नाही.

आमचे आप्पा कूळ होते. जमीन दुसऱ्याची, राबणूक आमची. १९७४ साली कर्नाटकात कूळ कायदा बदलला आणि कसणाऱ्याला मालक व्हायची वाट मोकळी झाली. त्यासाठी सात नंबरचा फॉर्म भरायचा होता. आप्पांना कानडी वाचता येत नव्हतं, मराठीही जेमतेम. मी नुकताच बी.कॉम. होऊन बँकेत लागलो होतो. तो फॉर्म मी भरला. पुढं ट्रिब्युनलपुढं तारखा पडल्या, जबान्या झाल्या आणि दोन एकर दहा गुंठे आप्पांच्या नावावर झाले. उतारा हातात आला त्या दिवशी आप्पा तो घेऊन शेतात गेले आणि बांधावर बसून राहिले. त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. संध्याकाळी आई म्हणाली, "जेवायला या की." तर म्हणाले, "आज माझ्या शेतात बसलोय, कुणी उठवू नका."

त्या जमिनीला एक अट होती, पंधरा वर्षं विकायची नाही. आप्पा ती अट पुरी व्हायच्या आधीच गेले. आमची दोघा भावांची वाटणी झाली. दादाला पंचेचाळीस गुंठे, मला पंचेचाळीस. दादा कसत राहिला. मी बदल्यांच्या नोकरीत, कधी हुबळी, कधी निपाणी. माझा वाटाही तोच करायचा आणि सुगी झाली की वर्षाला दोन पोती तांदूळ घरपोच आणून टाकायचा.

१९९५ साली मी माझे पंचेचाळीस गुंठे विकले.

कारणं होती. मुलीचं इंजिनीअरिंग, टिळकवाडीतलं घर, बायकोचं ऑपरेशन. पण खरं सांगायचं तर ही कारणं बँकेच्या कर्जानंही भागली असती, मी बँकेतच होतो. विकलं, कारण भाव आला होता आणि "आता शेती कोण करतंय" असं सगळेच म्हणत होते. घेणारा प्लॉट पाडणारा होता. एन.ए. नाही, लेआउटची मंजुरी नाही. दीड-दीड, दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडायचे आणि बॉन्ड पेपरवर विकायचे. त्या वेळी शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन रीतसर घेता येत नव्हती. ती अट २०२० च्या दुरुस्तीनं गेली. म्हणून हा बॉन्डचा धंदा आपल्या सगळ्या उपनगरांत फोफावला. उताऱ्यावर नाव शेतकऱ्याचंच, घर मात्र दुसऱ्याचं. मला हे सगळं माहीत होतं. अशा कागदावर एक रुपया कर्ज द्यायचं नाही, हे मीच माझ्या हाताखालच्या पोरांना शिकवत होतो.

तीन-चार वर्षांनी मी कर्ज विभागात बसलो होतो. एक विणकर आला. घर बांधायला कर्ज पाहिजे होतं. पिशवीतून बॉन्ड काढून टेबलावर ठेवला. मी सर्व्हे नंबर वाचला. माझाच. मी म्हटलं, "यावर कर्ज मिळत नाही. हा कागद बँकेला चालत नाही."

तो म्हणाला, "साहेब, तुमच्याच आप्पांच्या शेतातला प्लॉट आहे की हा. तुमचं नाव बघूनच घेतलाय."

मी नियमाप्रमाणं नाही म्हटलं. नियम बरोबर होता, पण त्या दिवशी माझी मान वर झाली नाही. त्या माणसानं सावकाराकडून पैसे काढून घर बांधलं. त्याचं घर अजून आहे. पहिला जोराचा पाऊस झाला की त्याच्या पायरीपर्यंत पाणी येतं, आणि ते पाणी का येतं हेही मला माहीत आहे.

इथं माझा खरा मुद्दा सुरू होतो.

आपण म्हणतो, "शेतकऱ्यांनी जमिनी विकल्या म्हणून गाव गेलं." हे अर्धंच खरं आहे. सगळे एकदम विकत नाहीत. पहिला विकतो तो आपल्या मर्जीनं विकतो. शेवटचा विकतो त्याला मर्जी उरलेली नसते. या दोघांना एकाच मापानं मोजणं हा अन्याय आहे.

कसं होतं ते मी डोळ्यानं बघितलंय. एकानं प्लॉट पाडले की आधी गाडीवाट जाते. बैलगाडी, पुढं ट्रॅक्टर, वळवायला जागा राहत नाही. मग पाण्याची वाट जाते. आमच्या काळ्या जमिनीत पाणी मुरायला वेळ लागतो, म्हणून जुन्या माणसांनी बांधाबांधानं चर ठेवले होते. वरच्या शेतातलं पाणी खालच्या शेतात, तिथून बळ्ळारी नाल्यात. ते चर कुठल्या नकाशावर नव्हते, माणसांच्या डोक्यात होते. प्लॉट पाडणाऱ्यानं चर बुजवला, त्यावर घराचा पाया आला. मग घरांचं सांडपाणी आलं. ड्रेनेज नसलेल्या वसाहतीचं पाणी उताराकडं जाणार, आणि उताराला शेत. मग प्लास्टिक आलं, फुटक्या बाटल्या आल्या. अंधार पडला की बांधावर बसून पिणारे येतात आणि काच शेतात टाकून जातात. रोप लावणीला वाकलेल्या बाईचा पाय कापला की दुसऱ्या दिवशी कामाला कोण येणार? आधीच मजूर मिळत नाहीत. गवताच्या गंजीला जागा नाही म्हणून जनावरं गेली, जनावरं गेली म्हणून शेणखत गेलं.

आणि नाला. अनगोळ, वडगाव, शहापूरच्या शिवारातून बळ्ळारी नाला पुढं हलग्याच्या बाजूला जातो. पूर्वी त्याच्या काठाला पोरं खेकडे धरायची. आज तो गाळानं आणि जलपर्णीनं भरलेला, बाजूनं आवळलेला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तुंबतो आणि सगळं पाणी शिवारात पसरतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर घरांतही शिरलं. पण घरात पाणी शिरलं की बातमी होते. भात आठ-आठ दिवस पाण्याखाली कुजतं ती दरवर्षीची गोष्ट, तिची कुणाला सवयच झालीय. एकदा पेरायचं, कुजलं की दुबार पेरायचं, तेही गेलं की हात जोडायचे.

म्हणजे दादाचं शेत कुणी विकत घेण्याच्या आधीच ते माझ्या विकण्यानं निम्मं मेलं होतं. माझे पंचेचाळीस गुंठे वरच्या अंगाला होते. माझ्या प्लॉटांचं पाणी त्याच्या भातात उतरायचं. तो मला कधी बोलला नाही. फक्त २००० नंतर तांदळाची दोन पोती एकावर आली, आणि एका वर्षी वहिनीनं फोन केला, "भाऊजी, यंदा तांदूळ नाही हं. पाण्यात गेला." त्यात तक्रारीचा सूर नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

पुढं दादानं वीस गुंठे विकले, आजारपणासाठी. आता राहिलेत पंचवीस. दादा गेल्याला चार वर्षं झाली. पुतण्या एका फाउंड्रीत पाळीवर काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी शेत बघतो. गेल्या एप्रिलमध्ये तो माझ्याकडं आला.

"काका, तुम्ही बँकेतले. हिशेब करून सांगा. ठेवू की विकू?"

मी हिशेब केला. चांगलं साल असेल तर आठ-दहा पोती भात, वर दीड-दोन पोती मसूर. त्यातून नांगरट, बी, औषध, मजुरी, मळणी वजा. त्या बाजूच्या आजच्या भावानं एक गुंठा विकून पैसे बँकेत ठेवले, तर वर्षाचं व्याज पंचवीस गुंठ्यांच्या निव्वळ उत्पन्नापेक्षा कमी पडत नाही. तीनदा तपासलं. आकड्यात चूक नव्हती.

तरी तो कागद त्याच्या हातात देताना मला वाटलं, या ताळेबंदात काहीतरी राहिलंय. चाळीस वर्षं ताळेबंद बघितलेत, एक बाजू हलकी आहे हे कळतं. त्या पंचवीस गुंठ्यांत जे पावसाचं पाणी थांबतं ते शेजारच्या दोनशे घरांत शिरत नाही. त्याचं भाडं पुतण्याला कुणी देतं का? तिथं जी हवा गार राहते तिचं? ती जमीन बुजली की नाल्याचं पाणी कुठं जाणार, त्याची भरपाई कोण देणार? शहराला त्या शेताचा फायदा होतो आणि तोटा एकटा शेतकरी सोसतो. मग एक दिवस तो विकतो, आणि आपण फोटोखाली लिहितो, "हाव सुटली."

रस्त्याचंही तसंच. हलगा-मच्छे बायपास आमच्या शहापूर-अनगोळ-वडगावच्या दुबार पिकाच्या शिवारातून नेण्यावरून गेली कित्येक वर्षं शेतकरी कोर्टात आणि बांधावर उभे आहेत. रस्ते नकोत असं मी म्हणणार नाही, मीही गाडीतून फिरतो. पण एक विचारतो. त्या शेतकऱ्यांच्या मागं आपण शहरातली किती माणसं उभी राहिलो? ते शेतकरी मराठी आहेत आणि कानडीही आहेत. पाणी शिरताना उताऱ्यावरची भाषा बघत नाही.

इथं जरा कडू बोलतो, रागावू नका. १७ जानेवारी आम्हाला पाठ आहे, १ जून पाठ आहे, १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतो. मीही पाळलाय, सायकल फेरीत गेलोय, त्याचा मला अभिमान आहे. सीमाभागाचा प्रश्न खराच आहे, आपल्याला आपल्या भाषेत उतारा मिळत नाही हे दुखणं खरंच आहे. पण ज्या जमिनीसाठी आपण सत्तर वर्षं "ही आमची" म्हणतोय, ती जमीन आपण दीड-दीड गुंठ्यानं स्वतःच्या हातानं बॉन्डवर उतरवली, ही गोष्ट आपल्या एकाही भाषणात येत नाही. नकाशावरची सीमा कुठून जाते यावर आपण रात्रभर बोलू. शेताचा चर कुठून जात होता हे सांगणारी माणसं मात्र एकेक करून चाललीत.

मी जुन्याचा भक्त नाही. ते दिवस सोन्याचे होते असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आईचे हात भेगांनी फाटलेले असायचे. आप्पा मालकाच्या दारात चपला काढून उभे राहायचे. शहर जवळ होतं म्हणून मी कॉलेजात गेलो, नोकरी लागली. १९७६ साली बेळगावची महानगरपालिका झाली तेव्हा नळ येणार, दिवे येणार म्हणून आम्ही खूश होतो, आणि ते आलेही. शहर वाढणारच. माझं म्हणणं एवढंच की वाढताना त्यानं गावाकडून घर, वाट आणि पाणी या तिन्ही गोष्टी घेतल्या, आणि परत फक्त घरपट्टीची पावती दिली.

आषाढात मंगाई देवीची यात्रा भरते. गर्दी तर पूर्वीपेक्षा जास्त. यात्रेआधी वार पाळणूक असते. ठरलेल्या वारी शेतात औत घालायचं नाही, जमिनीला विश्रांती द्यायची. आजही पंच मंडळी वार जाहीर करतात. गेल्या साली माझा नातू विचारत होता, "आजोबा, वार पाळायचे म्हणजे काय करायचं?" मी म्हटलं, "शेतात जायचं नाही." तो म्हणाला, "मग आपण रोजच पाळतो की." सगळे हसले. मीही हसलो, पण नंतर बराच वेळ गप्प होतो.

मग उपाय काय? म्हातारा माणूस नुसतं रडगाणं गातो असं वाटायला नको, म्हणून बँकेतल्या माणसासारखं मुद्द्यानं सांगतो.

पहिलं, बळ्ळारी नाल्याची मूळ रुंदी मोजून हद्दीचे दगड रोवले पाहिजेत आणि गाळ मे महिन्यात निघाला पाहिजे, जुलैत नाही. दुसरं, उरलेल्या शिवारात वसाहतींचं सांडपाणी सोडणं बंद व्हायला हवं. शेतकऱ्याला अनुदान नंतर द्या, आधी त्याच्या भातातली घाण थांबवा. तिसरं, शहराच्या आराखड्यात उरलेलं शिवार "मोकळी जागा" म्हणून रंगवू नका. ते शेत आहे, आणि पावसाचं पाणी धरून ठेवतं म्हणून त्याला वर्षाला काही मोबदला द्या. उद्यानावर खर्च करता, तसा यावर करा. चौथं, ज्यांनी बॉन्डवर घरं घेतली त्यांना शिव्या देऊ नका. ते गरीब होते. विकणारे आम्ही शिकलेले होतो.

आणि पाचवं आपल्यासाठी. जो अजून पेरतोय त्याच्याकडून तांदूळ घ्या. दुकानातल्या पिशवीपेक्षा किलोला चार रुपये जास्त द्या. एवढं तर प्रत्येकाला जमेल.

पुतण्याला मी काय सांगितलं? त्याला म्हटलं, "बाबा, हिशेबानं विकायला पाहिजे. विकलंस तर तुला कुणी नाव ठेवणार नाही. ठेवलं तर त्याला माझ्याकडं पाठव. पण तुकडे पाडून बॉन्डवर विकू नकोस, आणि नाल्याकडची पट्टी बुजवू देऊ नकोस. मी केलं ते तू करू नकोस."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, तुमच्या प्लॉटाकडनं पाणी येतंय ना, तिथं पूर्वी चर कुठून होता, दाखवाल?"

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. मला गुडघ्यामुळं नीट चालता येत नाही, त्यानं हाताला धरलं. चिंचेच्या तुकड्यापासून बावीकडच्या शेतापर्यंत चर कसा होता ते मी काठीनं दाखवत गेलो. निम्म्या ठिकाणी आता भिंती आहेत. तो विणकरही बाहेर आला. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या कंपाउंडच्या कडेनं दोन फूट सोडतो, साहेब. पाणी मलाही नको आहे." आणखी दोन घरांनी होय म्हटलं, एकानं नाही म्हटलं. मेच्या शेवटी पुतण्यानं जेसीबी लावून जमेल तेवढा चर काढला. खर्च मी दिला. तो माझ्याकडं लागूच होता.

यंदा त्यानं इंद्रायणी पेरलंय. पुढच्या साली काय करेल माहीत नाही, आणि मी विचारणारही नाही.

आता एक विनंती. अनगोळ, शहापूर, जुने बेळगाव, वडगाव, मजगाव, कुठलेही असा. तुमच्या घरातल्या थोरल्या माणसाला आजच विचारा, आपल्या शिवारात शेतांची नावं काय होती, गाडीवाट कुठून जायची, पाणी कुठून उतरायचं. खाली लिहा. नुसतं "किती सुंदर होतं" लिहू नका. चर कुठं होता ते लिहा. कुणाला तरी अजून तो उकरायचा असेल.